मयताचा कॅमेरा

जुने कॅमेरे गोळा करणारा माणूस वरून कितीही सभ्य दिसला तरी आतून गिधाडच असतो. हे मी स्वतःवरून सांगतो. एखादा फोटो स्टुडिओ बंद पडल्याचं कानावर आलं की मला आधी वाईट वाटत नाही. आधी वाटतं, आत काय काय शिल्लक असेल? वाईट नंतर वाटतं, सामान गाडीत भरून झाल्यावर.

त्या शनिवार-रविवारी आम्ही नवरा-बायको पुण्याहून पन्हाळ्याला आलो होतो. या वेळी कॅमेरे नाहीत, असं मी तिला कबूल केलं होतं. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर मी म्हणालो, खाली कोल्हापुरात जाऊन गाडीत पेट्रोल भरून येतो. तिनं पुस्तकातून मान वर न करता विचारलं, पेट्रोल जपानी की जर्मन? पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं कळतंच. मी मुकाट्यानं चपला घातल्या आणि निघालो.

नव्या गावात गेलो की मी कॅमेऱ्याच्या दुकानात जात नाही, फोटोला फ्रेम करणाऱ्याकडे जातो. गावातला कुठला फोटोग्राफर चालता-फिरता आहे आणि कुठला गेला, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शेवटी फोटोग्राफरचाही फोटो त्याच्याकडेच येतो. गंगावेशीजवळच्या एका फ्रेमवाल्यानं हातातलं काम न थांबवता मला मागच्या गल्लीतल्या एका बंद स्टुडिओचा पत्ता सांगितला. मालक जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा वारणानगरला नोकरीला होता, घरी एकटी म्हातारी होती. सामान आहे तसंच आहे, पण मावशी कुणाला काही देत नाहीत, बघा तुम्हाला देतात का, असं तो काच कापता कापताच म्हणाला.

मावशी उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. साठी ओलांडलेल्या, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर गडद निळं, जवळजवळ काळं वाटणारं लुगडं. मी कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाल्या की मुलाला पुढची खोली भाड्यानं द्यायची आहे, सारखा मागं लागलाय, तेव्हा बघा काय हवं ते. मी मनातल्या मनात फ्रेमवाल्याला हसलो.

स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेची ती एक लांबट खोली. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यातली बाग पार निळी पडलेली. पडद्यापुढे हातांची एक लाकडी खुर्ची. तिच्या चारी पायांभोवती फरशीवर पांढऱ्या रंगानं चौकोन आखलेले होते, म्हणजे झाडताना सरकवली तरी परत बरोबर त्याच जागी बसावी. दाराचं तोंड पूर्वेला, तेवढाच उजेड. आणि तो वास. फोटो धुण्याच्या रसायनाचा आंबूस वास. दोन वर्षं बंद असलेल्या खोलीत तो इतका ताजा कसा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. आतल्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी आत्ताच काम संपवून हात धुतले असावेत, असं वाटत होतं.

मी दोन लेन्सा, एक लाइटमीटर, एक चांगलं तिपाई स्टँड बाजूला काढलं. मग एक जाड अल्बम हाती लागला. घरगुती फोटो होते. एकेका कुटुंबातलं कुणीतरी मधोमध खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसलेलं, भोवती बाकीचे. हारबीर घातलेले. मला वाटलं एकसष्टीचे वगैरे असतील. फोटो काढणाऱ्याचा हात पक्का होता. एक गोष्ट मात्र विचित्र दिसली. प्रत्येक फोटोत भोवतीची माणसं थोडी थोडी हललेली, कुणाचा गाल पुसट, कुणाचा हात धुरकट. मधला माणूस मात्र इतका रेखीव की भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. पान उलटलं तरी तेच. सगळ्या अल्बमभर तेच. मी मोठ्यानं कौतुक केलं की मावशी, मधल्या माणसाला एवढं स्थिर बसवणं सोपं नाही.

"त्ये गेल्यालं हायत," मावशी शेंग फोडत म्हणाल्या.

मी अल्बम मिटला नाही, कारण मिटायला बोटं हलली पाहिजेत. मावशींनी सगळं अगदी साधेपणानं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. त्यांच्यात माणूस गेलं की आडवं करत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, बसवून ठेवतात आणि बसलेलंच मातीत देतात. हे मला ऐकून माहीत होतं, पण बघितलं कधी नव्हतं. बसवल्यावर फोटोवाल्याला बोलावणं जायचं, कारण पुष्कळ जणांचा सगळ्या जन्मात तो एकच फोटो. मावशींचे मालक मयतावर फ्लॅश मारायचे नाहीत. त्या तोंडावर झगमगाट करायचा नाही, हा त्यांचा नेम. दार उघडं ठेवायचं, कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि उजेड पुरावा म्हणून खटका सावकाश, अर्धा-एक सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात जिवंत माणूस हलतंच. श्वास घेतं, हुंदका देतं. न हलणारं माणूस एकच असायचं.

मी अल्बम परत चाळला. आता प्रत्येक पानावर माझी नजर आधी त्या एकाच माणसाकडे जाऊ लागली, आणि तो माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटू लागलं. बाकीच्यांपेक्षा तोच जास्त हजर होता.

शहाण्या माणसानं इथं सामान उचलून निघायला हवं होतं. पण मला भिंतीतल्या उंच कोनाड्यात पिवळ्या फडक्याचं एक गाठोडं दिसलं, आणि आकारावरून मी ओळखलं की हा वर-खाली दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा आहे. मी विचारलं. मावशी म्हणाल्या, तो द्यायचा नाही, तो मयताचा आहे. लग्नाचा वेगळा, मयताचा वेगळा. एकच कॅमेरा दोन्हीकडे नेला तर गावात कुणी लग्नाला बोलावलं नसतं. मी म्हणालो, नुसता बघतो. हे माझं ठरलेलं वाक्य आहे. या वाक्यावर माझ्या घरात एकोणीस कॅमेरे आले आहेत.

मी स्टुलावर चढून तो काढला, फडकं सोडलं, झाकण वर केलं. काच स्वच्छ होती. मावशी तोवर शेंगांचं सूप घेऊन आत आल्या होत्या आणि उभं राहून पाय दुखले म्हणून खुर्चीत टेकल्या होत्या. वरच्या काचेत त्या दिसल्या. निळं लुगडं, दाराचा तिरपा उजेड, मागं ती निळी पडलेली बाग. इतकं सुरेख दिसलं की माझा हात आपोआप चालला. जुना कॅमेरा हातात घेतला की खटक्याचा आवाज ऐकायचा, हीच आमच्या धंद्यातली पहिली परीक्षा. मी कळ ओढली आणि दाबली. खटका गोड वाजला.

मावशींचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"त्यात रोल हाय," त्या म्हणाल्या.

मी कॅमेरा उलटा केला. पाठीवरच्या छोट्या लाल काचेतून पाचाचा आकडा दिसत होता. मी म्हणालो, काही होत नाही मावशी, पुढच्या जागेवर पडला असेल. त्यांनी विचारलं, आधीच्याला काही झालं नाही ना? मी म्हणालो, छे. हे मी न तपासता म्हणालो. चोरी पकडली गेली की तोंड आपण होऊन बोलतं, तसं.

मग मावशींनी सूप खाली ठेवलं आणि त्या रोलमध्ये काय आहे ते सांगितलं.

पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना पहिली मुलगी झाली. जावळ काढेपर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाही, काढला तर आयुष्य कमी होतं, ही त्यांच्या आत्तींची, म्हणजे सासूची, सक्त ताकीद होती. फोटोवाल्याचं घर, पण पोरीचा एक फोटो नाही. दहाव्या महिन्यात पोरीला ताप भरला, आठ दिवस राहिला आणि ती गेली. मावशींना शुद्ध नव्हती, बायकांनी आतल्या खोलीत धरून ठेवलं होतं. एवढं मात्र त्यांनी दारातून बघितलं की मालक कोनाड्यातून हा कॅमेरा काढून पोरीला ठेवलेल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर आले, कॅमेरा फडक्यात बांधला, वर ठेवला. पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. मयताच्या कामाला दुसरा घेतला. रोल धुवायचंही नाव काढलं नाही, आणि मावशींनीही विचारलं नाही.

"मला लई राग आलता," मावशी म्हणाल्या. "सवताच्या लेकराचं मयत, आन् ह्यो बाप कॅमेरा घिऊन जातूय. रडला न्हाय, काय न्हाय. तवापासनं मी त्येंच्या कॅमेऱ्याफुडं बसलो न्हाय. जेवाय वाढलं, दुखनंखुपनं काढलं, समदं केलं. पर फोटोला बसलो न्हाय."

आणि आता मालक नव्हते, राग तेवढा उरला होता, आणि एक दुसरंच दुखणं सुरू झालं होतं. मावशींना पोरीचा चेहरा आठवेना. तिचं वजन आठवायचं, अंगाचा वास आठवायचा, पण चेहऱ्याच्या जागी काही यायचं नाही. रात्रंदिवस आठवून बघायच्या, मुलाचा चेहरा यायचा, शेजारच्या पोरांचे यायचे. ती नाही. कसा का असेना, मेलेला का असेना, पण तिचा चेहरा या डब्यात आहे, एवढं त्यांना माहीत होतं. गावातल्या कुणाला रोल द्यायची त्यांची तयारी नव्हती. परक्यानं आधी बघायचं आणि मग सगळ्या गल्लीला सांगायचं, हे नको होतं. मी फिल्म स्वतःच्या घरी धुतो, हे मीच दारात बोलण्याच्या ओघात फुशारकीनं सांगितलं होतं. म्हणून त्यांनी मला आत घेतलं होतं. हा रोल गल्लीच्या बाहेर धुतला जावा म्हणून.

"तिचं तोंड तेवढं दाखवा, पावणं," त्या म्हणाल्या. "मग कॅमेरा तुमचा."

मला आता एकच गोष्ट हवी होती. मालकांनी तो फोटो काढल्यावर फिल्म पुढे सरकवली होती की नाही, हे कळायला हवं होतं. नंतरच्या कॅमेऱ्यांत हा प्रश्न येत नाही, फिल्म सरकवल्याशिवाय खटका चालतच नाही. या जुन्या जातीत मात्र दोन्ही कामं वेगळी. चावी फिरवली नाही तर एकाच चौकोनावर दहा वेळा फोटो पडतो. काही जण फोटो झाला की लगेच चावी फिरवतात, काही जण पुढच्या फोटोआधी. मी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं की मालकांची सवय कशी होती.

लग्नात लगेच फिरवायचे, मावशी म्हणाल्या. मयताचं तसं नव्हतं.

"मयताचा काढला की चावी फिरवायची न्हाय. फिरवली म्हंजी फुडल्याला जागा केल्यागत हुतंय. फुडचं बोलावनं आलं की त्येंच्या दारात गेल्यावर मगच फिरवायची."

मी हो म्हणालो. बहुतेक दोनदा म्हणालो. पाचाच्या आकड्यावर ती दहा महिन्यांची पोर पस्तीस वर्षं वाट बघत बसली होती, आणि मी तिच्यावर खटका दाबला होता. हे मी मावशींना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्यांनी कॅमेरा परत पिवळ्या फडक्यात बांधला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.

पन्हाळ्याला परत जाताना सामानाची पिशवी मी शेजारच्या सीटवर ठेवली होती. पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर गाडी टिंग टिंग करायला लागली. शेजारी बसलेल्या माणसानं पट्टा लावलेला नाही, असं तिचं म्हणणं होतं. पिशवीच्या वजनानं असं होतं, हे मला माहीत आहे. कलिंगड ठेवलं तरी होतं. पण त्या दिवशी मला पिशवीकडे बघवेना. शेवटी वाघबीळच्या चढावर गाडी बाजूला घेतली, पिशवीला पट्टा लावला, आवाज बंद झाला. पुढचा सगळा घाट मी शेजारी न बघता चढलो.

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल, पण ती पिशवीपासून जरा लांब जाऊन बसली. मी म्हणालो, फिल्म इतकी जुनी आहे की काही येणारच नाही, खराब झाली म्हणून कळवतो, म्हणजे त्यांनाही त्रास नाही. ती म्हणाली, म्हणजे तुला त्रास नाही. काय येईल ते येईल, पण तूच वर फोटो काढलास हे त्यांना तोंडानं सांगून ये. तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला तिचा राग आला.

पुण्यात आल्यावर चार दिवस मी कॅमेरा उघडला नाही. एकदा तर मनात आलं की चावी फिरवून टाकावी, फिल्म पुढं जाईल आणि आपल्याकडून काही झालंच नाही असं वाटायला लागेल. हात चावीपर्यंत नेला आणि मागे घेतला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी नाही फिरवली.

गुरुवारी दुपारी न्हाणीघरात बसलो. फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या कापडी पिशवीत हात घालून कॅमेरा उघडायचा असतो. मनगटाला पिशवीचं रबर घट्ट बसतं. हात आत, आपण बाहेर. आत काय चाललंय ते फक्त बोटांना कळतं. फिल्म पस्तीस वर्षं गुंडाळून बसलेली, सोडवायला लागलं की बोटाभोवती परत आपलं आपण वेढा घ्यायची. थंड आणि चिवट. तान्ह्या मुलाच्या हातात बोट दिलं की ते धरून ठेवतं, तसं काहीतरी वाटलं आणि मी डोळे मिटून घेतले, जणू उघडे होते म्हणून काही दिसत होतं.

फिल्म धुऊन बाहेर काढली आणि खिडकीशी धरली. सगळीभर धुकं होतं, पण चित्रं होती. पहिल्या चारांत एकेक बसलेला माणूस. एक म्हातारा, दोन बायका, एक तरणा. भोवती थरथरलेली माणसं, मध्ये तो एक टाचणीसारखा रेखीव. मग पाचवा. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, तिथं मला नुसता गुंता दिसला. मी ते सुकू दिलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत मोठा फोटो तयार केला. कागद रसायनात टाकल्यावर चित्र हळूहळू वर येतं. आधी कडेला पडद्यावरची बाग आली, मग खुर्ची. मग मावशींचं लुगडं. मावशींच्या चेहऱ्याच्या जागी काही आलंच नाही. पोरीच्या फोटोत मागं पांढरी चादर टांगलेली होती, तिच्या पांढऱ्यात मावशींचा चेहरा पार बुडाला होता. मानेच्या वर नुसता उजेड.

आणि लुगड्याच्या काळोखात, अगदी त्यांच्या मांडीवर बसवल्यासारखी, पोर आली. गडद कापडावरून उजेड आलाच नव्हता, म्हणून फिल्मच्या तेवढ्या जागेवर माझ्या खटक्याचा काहीच परिणाम झाला नव्हता. दोन्ही फोटोंत खुर्ची एकाच चौकोनात होती. चेहरा स्वच्छ होता. डोळे उघडे होते.

मेलेल्या पोरीचे डोळे उघडे कसे, हे मला कळेना. मग मी भिंग लावून बघितलं आणि खाली बसलो. पोरीचा उजवा हात दिसत नव्हता. कोपरापासून पुढे नुसता धूर होता, वर उडालेला. डाव्या पायाची बोटंही पुसट होती. ती हलली होती. ती कॅमेऱ्यामागच्या माणसाला हात दाखवत होती.

म्हणजे हा फोटो मयताचा नव्हता. आणि दार लावून मालक आत गेले त्या दिवशी त्यांनी काहीही काढलं नव्हतं, कारण पाचाच्या पुढे फिल्म कोरी होती आणि पाचावर तिसरं काही नव्हतं. ते नुसते तिच्याजवळ बसून राहिले असतील. जिवंत पोरीचा फोटो त्यांनी आधीच काढून ठेवला होता, जावळाआधी, आईला-बायकोला चोरून, मयताच्या कॅमेऱ्यावर.

मला बक्षीस लागल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. मावशींना चेहरा हवा होता, तो होता. पण त्याबरोबर मी दुसरंही काही नेणार होतो. ज्या गोष्टीनं पोर जाते असं त्या घरात सगळे मानत होते, ती गोष्ट तिच्या बापानं केली होती. मेलेल्या माणसावरचा एक राग काढून घेऊन मी त्याहून मोठा राग हातात देणार होतो. काय सांगायचं आणि काय नाही, हे मला शनिवारी सकाळी गंगावेशीत गाडी लावेपर्यंत ठरवता आलं नाही.

मावशी खुर्ची दाराशी ओढून बसल्या. मी पाकीट दिलं. त्यांनी फोटो बाहेर काढला, उजेडाकडे धरला आणि तशाच बघत राहिल्या. मला राहवेना. मी भडाभडा सांगून टाकलं की त्या दिवशी खटका मीच दाबला, तो हिच्यावर पडला, मी खोटं बोललो, तुमचा चेहरा गेला तो माझ्यामुळे. त्यांनी हातानंच मला गप्प केलं. त्यांचं बोट पोरीच्या गालावर होतं.

"तीट हाय," त्या म्हणाल्या.

मला तो डाग फिल्मवरचा वाटला होता.

"मी लावल्याली. आंगूळ घालून रोज लावायचो. ताप आल्यावर आट दिस लावली न्हाय. आत्ती म्हनल्या, आता कुनाची दिष्ट लागनार हाय." बोट गालावरून हललं नाही. "ह्यो त्या दिवशीचा न्हाय."

नाही, मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांना धुरकट हात दाखवला, हलणारी गोष्ट अशी दिसते हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. फोटोवाल्याच्या बायकोला हे शिकवायची गरज नव्हती. त्यांनी विचारलं की केव्हाचा असेल, काय वेळेचा. मी सावली बघितली. दारातून आत आलेलं ऊन होतं, सकाळचं, आठ-साडेआठचं.

त्या वेळी त्या धुणं घेऊन पंचगंगेवर जायच्या. आत्ती देवळात. घरात बाप आणि लेक दोघंच असायची. मावशी हे माझ्याशी बोलत नव्हत्या, जुळवत होत्या. लग्नाचा कॅमेरा त्या दिवसांत सांगलीला दुरुस्तीला टाकलेला होता. घरात हा एकच होता. मध्येच त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या की हिला खाली दोन दात आले होते, ते मी विसरूनच गेले होते बघा. मग पुन्हा जुळवत राहिल्या. फोटो काढला, आणि नंतर ताप आला. किती दिवसांनी आला असेल? दोन? चार? एवढं म्हणून त्या थांबल्या, आणि मला कळलं की त्या पोचल्या. मालक जिथं मरेपर्यंत एकटेच बसले होते, तिथं पोचल्या.

आता काय होणार या भीतीनं मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. ओरडतील, फोटो फाडतील, मला शिव्या देतील, काहीही चाललं असतं.

"मला सांगायचं हुतं की त्येंनी," मावशी म्हणाल्या. "मी काय मारलं असतं का त्येंना?"

मला वाटलं त्या स्वतःशीच बोलताहेत. पण त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.